गेमचा सातबारा

ऑक्टोबर २०२४ पासून स्टीमवर गेम घेताना पैसे भरायच्या पानावर एक बारीक ओळ दिसते. डिजिटल वस्तू खरेदी केली की तुम्हाला तिचा परवाना मिळतो, अशा अर्थाची. स्टीम सुरू झालं २००३ साली. एवढी वर्षं हे तिथे सांगायची गरज कुणाला वाटली नव्हती. आता वाटली, कारण कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला: जी डिजिटल वस्तू नंतर काढून घेता येते, तिच्यापुढे 'विकत घ्या' असं बटण लावायचं असेल, तर गिऱ्हाइकाला खरं काय ते स्पष्ट सांगा. कायदा लागू झाला १ जानेवारी २०२५ ला. ओळ थोडी आधीच आली.

करार वाचणाऱ्यांना यात नवीन काही नव्हतं. स्टीमच्या कराराचं नावच मुळी 'सब्स्क्रायबर अ‍ॅग्रीमेंट' आहे. म्हणजे बटणावर आपण खरेदीदार आणि कागदावर वर्गणीदार. पण करार वाचतो कोण?

माझा पुतण्या हिंगणघाटला अकरावीत आहे. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी पैसे गोळा करून एक जुना प्लेस्टेशन ४ घेतला. मग त्याचा फोन आला. "काका, गेम विकत घेऊ का महिन्याचं लावू?"

'लावू' हा त्याचा शब्द मला आवडला. आपण दूध लावतो, पेपर लावतो, मेसचा डबा लावतो, शिकवणी लावतो. मराठीला सबस्क्रिप्शन नवं नाही. रतीब आहे, वर्गणी आहे, भाडं आहे, आणि आमच्याकडे शेतीत मक्ता आणि बटईही आहे. यातल्या प्रत्येक शब्दाबरोबर देण्याघेण्याची एक रीत येते. रतीबाचं दूध पिऊन संपतं, त्यामुळे मालकीचा प्रश्नच येत नाही. मक्त्याच्या शेतात हंगाम संपला की बांधाबाहेर व्हायचं, हे पेरायच्या आधीच ठरलेलं असतं. दोन्हीकडे घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते पक्कं ठाऊक असतं.

पैशांचा हिशोब मी त्याला दोन मिनिटांत सांगितला, कारण तो सोपा आहे. नवा मोठा गेम पाच हजारांच्या आसपास पडतो. वर्गणी महिन्याला पाचशे धरली, तर दहा महिन्यांत एका गेमचे पैसे जातात. तुम्ही वर्षात आठ-दहा गेम थोडे थोडे खेळणारे असाल तर वर्गणी परवडते. वर्षभर एकच फुटबॉल खेळणार असाल तर नाही. डिस्क घेतली तर खेळून झाल्यावर अर्ध्या-पाऊण किमतीत विकता येते, तेही धरा. आणि वर्गणीचा दर आजचा तोच उद्या राहील असं धरू नका. एक्सबॉक्सचा गेम पास २०१७ साली सुरू झाला, आणि त्यातल्या सगळ्यात वरच्या योजनेचा अमेरिकेतला दर ऑक्टोबर २०२५ मध्ये महिना १९.९९ डॉलरवरून एका झटक्यात २९.९९ झाला. प्लेस्टेशन प्लसमध्ये दर महिन्याला जे गेम 'मिळतात', तेही वर्गणी चालू असेपर्यंतच उघडतात.

एवढ्यावर फोन ठेवता आला असता. पण त्याने पुढे विचारलं, "विकत घेतला तर तो आपलाच राहतो ना?" या प्रश्नाला हिशोबात उत्तर नाही.

'द क्रू' नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम युबिसॉफ्टने डिसेंबर २०१४ मध्ये काढला. अख्खी अमेरिका त्यात गाडीने पालथी घालता यायची. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले. हा गेम एकट्याने खेळायचा असला तरी सर्व्हर लागायचा. म्हणून डिजिटल घेणाऱ्यांचा गेला, आणि डिस्क घेऊन कपाटात जपणाऱ्यांचाही गेला. डिस्क म्हणजे मालकी हे समीकरण तिथेच मोडलं. २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ चे काही गेम तर अशा कार्डावर येतात, ज्यात गेम नसतोच. फक्त तो डाउनलोड करायची किल्ली असते. डबी आहे, कार्ड आहे, आत वस्तू नाही.

पुस्तकांच्या बाबतीत हे आधी घडून गेलं आहे. २००९ च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलमधून विकलेली पुस्तकं परस्पर काढून घेतली, पैसे परत केले. विकणाऱ्याला त्या आवृत्तीचे हक्कच नव्हते, हे कारण कायद्याने ठीक होतं. काढून घेतलेल्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४' होतं. असा योग कादंबरीकारालाही जुळवता आला नसता. मुद्दा पैशांचा नव्हताच. तुमच्या घरात शिरून फळीवरचं पुस्तक उचलायची सोय दुकानदाराकडे होती, हे त्या दिवशी कळलं.

इथे बरेच जण लगेच निष्कर्षाला येतात: वर्गणी वाईट, मालकी चांगली. मला ते पटत नाही, आणि न पटायला कारण आपल्याच गावांत आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक सार्वजनिक वाचनालयांत दिवाळी अंकांची योजना असते. एकदा ठरावीक रक्कम भरा आणि पुढचे दोन-तीन महिने आळीपाळीने अंक नेऊन वाचा. हा दिवाळी अंकांचा गेम पासच झाला, आणि तो गेम पासच्या कितीतरी आधीचा. एकट्याने सगळे अंक विकत घेणं कुणाला परवडतं? मी कुठल्याच अंकाचा मालक नसतो आणि मला त्याचं काही वाटत नाही.

मग फरक कुठे पडतो? माझी वर्गणी थकली तर माझं कार्ड बंद होतं, अंक तिथेच राहतो. तो शेजारचा नेतो, दहा वर्षांनी कुणी विद्यार्थी शोधत येतो. त्या साखळीत कुणीतरी एक मालक आहे, तो वाचनालय आहे, आणि ते गावात आहे. प्रकाशकाचं दिवाळं निघालं तरी अंक कपाटातून उडत नाही. गेमच्या वर्गणीत यादीतून नाव निघालं की ते सगळ्या वर्गणीदारांसाठी एकाच दिवशी निघतं, आणि कंपनीबाहेर कुणाकडेच प्रत नसेल तर गेम जगातूनच जातो. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजणी केली. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात सरळ मार्गाने मिळत नाहीत. एखाद्या भाषेतली २०१० पूर्वीची दहातली नऊ पुस्तकं दुकानात मिळेनाशी झाली आणि वाचनालयंही नाहीत, असं समजा.

आता सातबाऱ्याकडे येतो. शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही हा कागद वाचता येतो. त्यावर भूधारणा पद्धती लिहिलेली असते: भोगवटादार वर्ग १ किंवा वर्ग २. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मधला हा भेद आहे. वर्ग १ वाला आपली जमीन विकू शकतो. वर्ग २ वाला ती कसतो, पीक घेतो, पोरांना वारशाने देतो, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकू शकत नाही. सरकारने भूमिहीनांना दिलेल्या जमिनी बहुतेक या वर्गात येतात. भूदानाचंही तसंच. विनोबांना पहिलं दान १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत मिळालं, पण ते तिथे निघाले होते आमच्या जिल्ह्यातल्या पवनारहून. भूदानाची जमीन ज्याला मिळाली त्याने ती कसायची, विकायची नाही.

म्हणजे अपुरी मालकी ही काही कंपन्यांनी काढलेली युक्ती नाही. आपल्याकडे ती कायद्यात आहे आणि चळवळीतही होती. फक्त तिथली अट कशासाठी आहे ते बघा. भूमिहीनाला मिळालेली जमीन पहिल्याच दुष्काळात सावकाराकडे जाऊ नये, म्हणून विक्रीवर बंदी. अट मालकाला बांधते, पण त्याच्याच राखणीसाठी. तिचा जाच होतो. परवानगीसाठी चकरा मारणारे कास्तकार मला माहीत आहेत. तरी अटीचं तोंड कुणाकडे आहे ते कळतं. शिवाय वर्ग २ वाल्याच्या शेतात तलाठी रात्री येऊन जमीन गुंडाळून नेत नाही.

गेमच्या परवान्यातल्या अटी अशाच वाचून बघा. दुसऱ्याला देऊ नका, विकू नका, वारशाने देता येणार नाही, आम्ही केव्हाही बंद करू. यातली कुठली अट खेळणाऱ्याची राखण करते? चोरांपासून खातं जपायच्या एक-दोन सोडल्या तर मला सापडली नाही. म्हणून पूर्ण मालकी हवी की वर्गणी, या वादापेक्षा मला हे तपासणं महत्त्वाचं वाटतं: अट कुणाच्या बाजूची आहे, आणि व्यवहार संपवायची कळ कुणाच्या हातात आहे.

हिंगणघाटच्या माणसाने मालकीवर विचार करावा आणि बियाण्यापाशी पोचू नये, हे होत नाही. एकोणिसाव्या शतकात कापसाच्या व्यापारात हिंगणघाट हे गावाइतकंच एका चांगल्या देशी कापसाचंही नाव होतं. त्या कापसाचं बी शेतातूनच यायचं. आमच्या आजोबांच्या काळी रुई वेगळी झाली की सरकी राहायची, त्यातली चांगली निवडून ठेवायची, पेरणीआधी शेण-मातीत चोळून वाळवायची, की तेच पुढच्या वर्षीचं बी. शेजाऱ्याचं चांगलं आलं तर त्याच्याकडून दोन पायल्या आणायच्या. यात कुणी कुणाला परवाना दिला नाही.

१९७० मध्ये गुजरातेत एच-४ हा संकरित कापूस आला. २००२ मध्ये बीटी कापसाला सरकारने परवानगी दिली, आणि काही वर्षांत आमच्या भागात दुसरं बी औषधालाही उरलं नाही. आपल्याकडचं बीटी बियाणं संकरित. त्याची सरकी पुन्हा पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत, गुण टिकत नाहीत. म्हणून दर जूनमध्ये कृषी केंद्रातून पाकिटं. घराघरांतल्या कापसाला वर्गणी लागली, आणि त्या वर्गणीत जनुकाच्या मालकाचा वाटाही होता.

यातली गंमत कायद्यात आहे. भारताच्या २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचं कलम ३९ शेतकऱ्याला बी साठवायचा, पेरायचा, पुन्हा पेरायचा, अदलाबदलीचा आणि विकायचाही हक्क देतं; फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. जगात इतका उदार कायदा क्वचितच असेल. पण बीच पुन्हा उगवून तसं येत नसेल तर हक्काचं काय करता? बियाण्यात कायदा हो म्हणतो आणि बी नाही म्हणतं. गेममध्ये नेमकं उलटं आहे. फाईल स्वभावाने कितीही वेळा, कुठेही, गुण न गमावता उगवायला तयार असते. तिला करार आणि कुलूप अडवतं. एकीकडे निसर्गाची अडचण विकली जाते, दुसरीकडे अडचणच कारखान्यात तयार करावी लागते.

शेतकऱ्यांना कुणी फसवलं, असं सोपं गाणं मी गाणार नाही. पहिल्या वर्षांत बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, कापूस जास्त आला, म्हणून लोकांनी पाकिटं रांगा लावून घेतली. वर्गणीची सोय खरी असते. गेम पासची सोयही खरी आहे. ज्या पोराने कधी पाच हजारांचा गेम घेतला नसता, त्याला शंभर गेम उघडून बघता येतात. अडचण नंतर येते, जेव्हा परतीची वाट बुजलेली असते. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने धुमाकूळ घातला, तेव्हा घरात पेरण्याजोगी सरकी कुणाच्या कणगीत होती?

तरी कापसात दोन गोष्टी झाल्या, ज्या गेममध्ये अजून धड झालेल्या नाहीत. एक, सरकार मध्ये पडलं. डिसेंबर २०१५ च्या आदेशाने केंद्राने बियाण्याचा दर हातात घेतला, आणि २०१६ साठी ४५० ग्रॅमच्या बोलगार्ड-२ पाकिटाची किंमत ८०० रुपये ठरली. त्यात जनुकाच्या मालकाचा वाटा ४९ रुपये. वर्गणीच्या अटी बाहेरचा कुणी ठरवू शकतो, हे त्यातून दिसलं. दुसरं, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने 'सूरज'सारखे सरळ वाण दिले, ज्यांचं बी घरी ठेवता येतं. गेममध्ये सरळ वाणाच्या जवळ जाणारं दुकान म्हणजे २००८ साली सुरू झालेलं जीओजी. तिथे घेतलेल्या गेमची फाईल उतरवून हार्ड डिस्कवर ठेवली की दुकान बुडालं तरी ती चालते. परवाना तिथेही परवानाच असतो, पण कळ तुमच्या हातात राहते. प्लेस्टेशनवाल्याला मात्र त्याचा उपयोग नाही.

फोनवर खेळणाऱ्यांना, म्हणजे हे वाचणाऱ्या बहुतेकांना, वाटेल की आपला याच्याशी काय संबंध, आपण कुठे गेम विकत घेतो. गेम फुकट असतो, पण कपडे, बंदुकीचे रंग आणि नाचाच्या अदा पैशांनी घेतल्या जातात. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजी मोबाईलवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला आणि जुना डेटा आणायची सोय काही काळ होती. जुलै २०२२ मध्ये तोही दुकानांतून निघाला, मे २०२३ मध्ये परत आला. कारणं देशाच्या सुरक्षिततेची होती आणि त्यांची चर्चा वेगळी. पण खिशातून पैसे गेलेल्या पोराच्या दृष्टीने त्याच्या वस्तूंवर दोन सह्या होत्या, एक कंपनीची आणि एक सरकारची. तिसरी, त्याची स्वतःची, कुठेच नव्हती.

आता ते वाक्य, जे गेमर मंडळींत सगळीकडे फिरतं: विकत घेणं म्हणजे मालकी नसेल, तर पायरसी म्हणजे चोरीही नाही. वाक्य चटकदार आहे, तर्क लंगडा आहे. माझ्या भाड्याच्या घराचा मी मालक नाही, म्हणून दुसऱ्याच्या घरात फुकट राहायचा हक्क मला मिळत नाही. विकणाऱ्याने शब्द फिरवला, तर तक्रार त्या शब्दापुरती. शिवाय गेम बनवणारे सगळे युबिसॉफ्ट नसतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला, भारतीय पुराणांच्या जगातला, छोट्या चमूने केलेला. त्याची फुकट प्रत उतरवून कंपन्यांच्या लोभाविरुद्ध लढल्याचा आव आणणं हास्यास्पद आहे. गावात व्हाइस सिटीच्या कॉपी केलेल्या सीड्या वीस-तीस रुपयांत मिळायच्या त्या काळातही हे वाक्य नव्हतं. तेव्हा लोक निदान तत्त्वज्ञान सांगत नव्हते.

पण एक प्रसंग मी वेगळा काढतो. पैसे भरून घेतलेला गेम कंपनीने बंद केला, दुसरीकडे कुठेच विकायला ठेवला नाही, आणि खेळणाऱ्यांनी आपला सर्व्हर बांधून तो जिवंत केला. यात कुणाचं काय गेलं? कायदा काही म्हणो, मला यात चोरी दिसत नाही.

बंद करायचं ते नीट करता येतं, हेही दिसलं आहे. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. घेणाऱ्यांचे पैसे परत केले गेले. गूगलने जानेवारी २०२३ मध्ये स्टेडिया बंद करताना गेमचे पैसे परत दिले. आणि 'द क्रू'वरून रॉस स्कॉट या यूट्यूबवाल्याने २०२४ मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी केली, तिच्या युरोपातल्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. युबिसॉफ्टने 'द क्रू २'ला सर्व्हरशिवाय चालायची सोय करून दिली. काल जे अशक्य म्हणत होते ते आरडाओरडा झाल्यावर शक्य झालं.

आपल्याकडे असा कायदा नाही, पण धागा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' अशी व्याख्या आहे, आणि वाजवी कारणाशिवाय एका बाजूने करार मोडायचा अधिकार राखून ठेवणं हे त्या व्याख्येत बसतं. अशी तक्रार वर्ध्याच्या जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे करावी लागते. त्याचं एक खंडपीठ नागपूरला बसतं, म्हणजे हिंगणघाटहून बसने दोन-अडीच तास.

पुतण्याला मी सांगितलं की तिघांत मिळून सेकंडहँड डिस्क घ्या, आणि घेण्याआधी बघा की तो गेम इंटरनेट बंद करून सुरू होतो का. खूप गेम चाखायचे असतील तर परीक्षा संपल्यावर एक महिना वर्गणी लावा आणि तारखेला बंद करा. त्यावर त्याचा प्रश्न असा, की तिघांची डिस्क, तर बारावीनंतर एक जण पुण्याला गेल्यावर ती कुणाकडे राहील? सध्या त्यांच्यात त्याच्यावर भांडण चालू आहे.